विहीणबाईंसाठी फ्रेंच

माझ्या मुलीनं ऑफिसातल्या प्रिंटरवर अकरा पानं छापून आणली तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि मी एक्कावन्न वर्षांचा होतो. इंटरनेटवर कुणीतरी फ्रेंचमधले क्रियापदांचे नेहमीचे वाक्प्रचार डाव्या रकान्यात आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर उजव्या रकान्यात मांडलं होतं. मी ते मोजले. दोनशे अडतीस भरले, पण दोन दोनदा आलेले होते, म्हणजे खरे दोनशे छत्तीस. मी इस्रायलमध्ये, अश्दोदच्या एका कारखान्यात सुट्या भागांचं गोदाम सांभाळायचो, त्यामुळे कुठलीही यादी हातात आली की आधी मोजायची ही सवयच होती.

फ्रेंचची गरज पडली कारण मुलीचं लग्न एका फ्रेंच घरात ठरत होतं. आम्ही मुंबईहून आलेले यहुदी, आणि त्या वर्षांत अश्दोदमध्ये फ्रेंच यहुदीही बरेच येऊ लागले होते. मुलगा एकोणिसाव्या वर्षी एकटाच आला होता, इथे लष्करात राहिला होता, हिब्रू आमच्या मुलांसारखी बोलायचा. आईवडील मात्र तीनच वर्षांपूर्वी आलेले. वडील शिलाईकाम करायचे आणि फार बोलायचे नाहीत. आईनं पॅरिसजवळच्या एका औषधांच्या दुकानात काउंटरमागे बावीस वर्षं काढली होती. सरकारी हिब्रू वर्गाला ती पाच महिने गेली, पण तिची हिब्रू भाजीबाजाराच्या पलीकडे गेली नव्हती. थोडं इंग्रजी होतं. माझ्याकडे मराठी, हिब्रू आणि मुंबईहून एकविसाव्या वर्षी आणलेलं शाळेतलं इंग्रजी. तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी समोरासमोर असलेली ही अकरा पानं मला सोयीची होती.

बायकोला हे पटलं नाही. ती म्हणाली, "मुलगा आहे ना? तो सांगेल की आईला तुमचं काय ते."

"जावयाच्या तोंडून विहिणीशी बोलायचं?" मी म्हणालो. "आणि तेही ते बोलणं?"

ते बोलणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. तिच्या वडिलांनी ते माझ्या आईसमोर केलं होतं.

माझ्या वडिलांनी तीन मुलींची लग्नं केली, दोन मुंबईत आणि एक रेवदंड्याला. तिन्ही वेळा मी बाजूला उभा होतो. लग्न पक्कं व्हायच्या बैठकीत मुलीचे वडील डोक्यावर टोपी घालून उठतात, मुलाच्या आईसमोर हात जोडतात, नजर खाली ठेवतात आणि हळू आवाजात सांगतात की पोर लाडात वाढली आहे, तिला काही येत नाही, आमचीही काही चूकभूल झाली असेल, सगळं पोटात घ्या. मुलगी तेव्हा खोलीत नसते. मुलाची आई म्हणते, असं कसं म्हणता, ती आता आमची लेक. मग सरबत येतं. माझी मोठी बहीण अकराव्या वर्षापासून सगळं घर चालवत होती. वडिलांनी तिच्याबद्दल सांगितलं की तिला चूल पेटवता येत नाही. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. त्यांनी तसं सांगितलं नसतं तरच वावगं वाटलं असतं.

माझी मुलगी एकुलती एक. हे बोलणं मला आयुष्यात एकदाच करायचं होतं.

गोदामात प्रत्येक वस्तूच्या खान्यावर एक जाड कार्ड लटकतं. जुन्या कार्डांचे मधोमध कापून मी तुकडे केले, एका बाजूला फ्रेंच आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी लिहिलं आणि कारखान्याच्या बसमध्ये रोज सहा पाठ करायला लागलो. चाळिसाव्या दिवशी दोनच उरले. उच्चार मी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका मोरोक्कन सहकाऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायचो. त्याची फ्रेंच चांगली होती, माझी ऐकताना मात्र त्याला हसू आवरायचं नाही. तो म्हणायचा, "तू बोलतोस तेव्हा वाटतं, पार्सल मोजून देतोयस."

गंमत वाटायची हे खरं. आपल्याला भूक लागते, लाज वाटते, राग येतो. इंग्रजीत माणूस स्वतःच भुकेला असतो. फ्रेंच माणसाकडे भूक असते, तहान असते, थंडी असते, झोप असते, खिशात किल्ल्या असाव्यात तशी. 'असणे' या एका क्रियापदाचेच अडतीस वाक्प्रचार होते. 'करणे'चे एकसष्ट: रांग करतात, भांडी करतात, तोंड फुगवायचं असलं तर डोकं करतात. भेटायला येतो सांगून न येणं म्हणजे समोरच्यासाठी ससा ठेवणं. बेशुद्ध पडणं म्हणजे सफरचंदांत पडणं. हा मी बिनकामाचा म्हणून बाजूला ठेवला. विहिणीसमोर उपयोगी पडतील असे चौऱ्याहत्तर निवडून त्यांचा वेगळा गठ्ठा केला.

वडिलांचं बोलणं मी त्या चौऱ्याहत्तरांतून बांधलं. लाज वाटते, याला होतं. गरज आहे, याला होतं. माफी मागणे होतं. 'पोटात घ्या' कुठेच नव्हतं, पण एखाद्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे याला फ्रेंचमध्ये 'डोळे मिटणे' म्हणतात असं आठव्या पानावर मिळालं आणि मला फार आनंद झाला. 'दोष' हा एकच शब्द यादीबाहेरून, वाचनालयातल्या शब्दकोशातून आणला. सगळी मिळून चार वाक्यं झाली. माझ्या मुलीत दोष आहेत. मला लाज वाटते. मला तुमच्या माफीची गरज आहे. डोळे मिटायला हवेत. फोर्कलिफ्टवाल्याला ही वाक्यं मी सुटी सुटी ऐकवली, एका दिवशी एक. एकत्र ऐकवली नाहीत. घरातली गोष्ट कारखान्यात कशाला, असा विचार केला.

शुक्रवारी सकाळी अकराला ते तिघं आले. बायकोनं पोह्यांचा मलिदा केला होता, त्यावर खोबरं आणि वेलची, ताटात पाच फळं. शिवाय करंज्या आणि चहा. मी फ्रेंचमध्ये स्वागत केलं तेव्हा विहीणबाईंनी दोन्ही हात छातीला लावले आणि त्यांचे यजमान पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. सुरुवात इतकी चांगली झाली. तारखा बोलून झाल्या, वल्हांडणाच्या सणानंतरचा एक आठवडा जवळपास ठरला, मुलगा मध्ये बसून भाषांतर करत होता. मुलगी रीतीप्रमाणे आत स्वयंपाकघरात गेली. इतक्यात खालून कुणीतरी हॉर्न वाजवत बसलं. मुलानं गाडी शेजाऱ्याच्या गाडीमागे लावली होती. तो ती हलवायला खाली उतरला. मला वाटलं, हीच वेळ. त्याच्यासमोर बोलायला मला संकोच वाटलाच असता.

मी टोपी घातली, उठलो, हात जोडले, नजर खाली घातली आणि हळू आवाजात चारही वाक्यं म्हटली. एकही चुकलं नाही. सहकाऱ्यानं शिकवलेला प्रत्येक उच्चार जागेवर होता.

मी वर पाहिलं तर विहीणबाईंनी कप खाली ठेवला होता. बावीस वर्षं काउंटरमागे उभी राहिलेली बाई ती. माणसं इकडेतिकडे पाहून, नजर खाली घालून, हळू आवाजात जे सांगतात ते ऐकणं हाच तिचा धंदा होता. हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी तिनं पुढे झुकून मला एकच गोष्ट विचारली आणि ती मला कळली, कारण 'आजारी पडणे' माझ्या गठ्ठ्यात होतं. तिनं विचारलं, कुठला आजार?

मी नाही नाही म्हणालो. जोरात म्हणालो, हात हलवून. तिनं मान डोलावली, लपवणाऱ्या माणसाला आपण धीर देतो तशी. बायकोला यातलं काही कळत नव्हतं. तिच्या हिशेबानं मी ते बोलणं केलं होतं आणि आता विहिणीनं 'ती आमची लेक' म्हटलं असणार. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि हसून विहीणबाईंना नमस्कार केला. बायकोचं ते हसू पाहून विहीणबाईंचे डोळे भरून आले.

चौऱ्याहत्तर कार्डांतलं एकही मला आठवेना. भूक आणि थंडी आठवत होती. 'असं नव्हे, ही आमची पद्धत आहे' याला मी काही निवडलंच नव्हतं.

मुलगा वर आला. आई त्याच्याशी भरभर बोलली, तो हसला, माझ्याकडे पाहून हिब्रूत म्हणाला, "काय सांगितलंस तू?" तो मला एकेरीत, नावानं हाक मारून बोलायचा, इथल्या रिवाजाप्रमाणे. मी त्याला पद्धत समजावली. त्यानं आईला समजावली. ती दोनच शब्द बोलली. ते दोन शब्द त्यानं मला सांगितले नाहीत. वीस मिनिटांत ते निघाले. पाच कपांपैकी दोनच रिकामे होते, ते माझे आणि बायकोचे.

चार दिवस कुणाचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी मुलगी कामावरून आली ती बूट न काढता समोर बसली. आमच्याशी ती नेहमी हिब्रूतच बोलते, आम्ही मराठीत विचारलं तरी.

"आबा, तू नेमकं काय म्हणालास?"

मी चारही वाक्यं सांगितली. तिनं ती हिब्रूत मनात जुळवून पाहिली असावी. मग म्हणाली, "आणि हे तू पाठ केलंस. माझ्याच कागदांवरून."

तिच्याकडून कळलं की विहीणबाईंनी मुलाला लग्नासाठी थांबायला सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं, बाप आपणहून उठून कबूल करतो, टोपी घालून, शपथेवर बोलावं तसा, आणि आई शेजारी बसून माफी मागितल्यासारखी हसते. मुलगा समजावतो तर तो प्रेमात आहे. मुलगी समजावते तर दोष तिच्यातच आहे. आता उरलो आम्ही दोघं, आणि आमच्यापैकी एकानं तर कबूलच केलं होतं.

"मग आता कोण सांगणार त्यांना?" बायको मराठीत म्हणाली. "रेवदंड्याहून कुणाला आणायचं का?"

मी सहकाऱ्याला गाठून सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग गंभीर झाला आणि म्हणाला, मी बोलतो. त्यानं कारखान्यातल्या फोनवरून त्यांना फोन लावला. दोन मिनिटं बोलला, मग ऐकत राहिला, मग त्यानं फोन ठेवला. विहीणबाईंनी विचारलं होतं, तुम्ही मुलीचे कोण? तो म्हणाला, वडिलांबरोबर काम करतो. त्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे कारखान्यातसुद्धा सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर मी काही केलं नाही. करण्यासारखं जे होतं त्यातून बिघडतच होतं. मी गोदामात जायचो, आलेला माल उतरवून घ्यायचो, पावतीवर सही करायचो. प्रत्येक आकडा जुळत होता. घरी आलो की मुलगी आपल्या खोलीत असायची. दाराआड फोनवर तिचा आवाज यायचा, बराच वेळ, आणि मी रेडिओ बंद करून बसायचो, ऐकण्यासाठी नव्हे, पण बंद करायचो.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "उद्या दवाखान्यात येतोस का? सुरुवात तूच केलीस." विहीणबाईंनी तसं मागितलं नव्हतं. मुलानंही नाही. तिचं तिनंच ठरवलं होतं. बायको म्हणाली, कागद दिलास तर खरंच काही आहे असं वाटेल. मुलगी म्हणाली, नाही दिला तरी वाटतंच आहे. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "मी काय गाडी आहे का, दर वर्षी टेस्टला न्यायची?" आणि आत गेली.

आमच्या विम्याच्या दवाखान्यातली डॉक्टर रशियाहून आलेली, साठीकडे झुकलेली, थेट बोलणारी बाई होती. तिनं विचारलं, कागद कशासाठी हवा आहे.

"सासूसाठी," मुलगी म्हणाली.

"काय होतंय तुला?"

"काही नाही. माझ्यात दोष आहेत असं वडिलांनी सांगितलंय."

डॉक्टरनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय दोष आहेत?"

"काही नाहीत," मी म्हणालो.

"मग सांगितलं कशाला?"

"आमच्यात सांगतात."

ती म्हणाली की काही नाही असं मला लिहिता येत नाही. मी जे तपासलं तेवढंच लिहिता येतं. यावर मला वाद घालता आला नाही. जे मी मोजलेलं नाही त्यावर मीही कधी सही केलेली नाही. तिनं तपासलं, रक्त पाठवलं आणि आठवड्यानं कागद दिला. रक्तदाब एकशे दहा आणि सत्तर. वजन अठ्ठावन्न किलो. हिमोग्लोबिन बारा पूर्णांक सहा. साखर, थायरॉईड, हृदय, फुप्फुसं. सात ओळी. मी त्या बसमध्ये दोनदा वाचल्या आणि मला आठवी ओळ दिसायला लागली, जी तिथे नव्हती. औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काढलेल्या बाईला ती दिसणारच.

मुलगी एकटीच त्यांच्या घरी गेली. कागद हिब्रूत होता, तो मुलानं आईला वाचून दाखवला. विहीणबाईंनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मुलीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. त्या आठवड्यात तारीख पक्की झाली. लग्न झालं. आमची माणसं बेर शेवा, दिमोना, लोदहून आली, त्यांची पॅरिसहून. मुलीनं मला आधीच बजावलं होतं की लग्नात तू काहीही बोलायचं नाहीस, कुठल्याच भाषेत. मी बोललो नाही. विहीणबाईंनी मात्र येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी समजलो, मिटलं.

मिटलं नव्हतं हे कळायला दीड-दोन वर्षं गेली. मुलगी कधीतरी आईपाशी तक्रार करायची. सासू मला काही उचलू देत नाही, भांडी घासू देत नाही. पाऊस असला की बसनं जाऊ नको म्हणते आणि सासऱ्यांना गाडी घेऊन पाठवते. घरच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय की हिला त्रास द्यायचा नाही. बायको म्हणायची, नशीबवान आहेस, माझी सासू मला घागरी उचलायला लावायची. मुलगी म्हणायची, "आई, तुला कळत नाहीये. ती माझ्याकडे अशी बघते जशी मी काचेची आहे." आणि मग माझ्याकडे बघायची.

चार वर्षांनी तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन दहा पूर्णांक चारवर आलं. डॉक्टर म्हणाली, असं पुष्कळ बायकांचं होतं, गोळ्या घ्या. त्या शनिवारी दुपारी आम्ही मुलीकडे जेवायला गेलो तेव्हा विहीणबाई मला बाल्कनीत घेऊन गेल्या आणि दार ओढून घेतलं. आता त्यांची हिब्रू माझ्याइतकीच चांगली झाली होती.

"आता तरी सांग," त्या म्हणाल्या. "मी कधी विचारलं नाही. चार वर्षं विचारलं नाही. पण आता बाळाचा प्रश्न आहे. काय होतं तिला?"

मी सगळं सांगितलं. या वेळी भाषा होती, वेळ होता, कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. माझे वडील, तीन बहिणी, चूल न पेटवता येणारी मोठी बहीण, टोपी, हात जोडणं, मुलीला आत पाठवणं, हे सगळं. मी म्हणालो की आम्ही सगळे असंच सांगतो, मुलगी जितकी गुणी तितकं जास्त सांगतो, आणि तुम्ही फक्त 'असं कसं म्हणता' एवढंच म्हणायचं असतं. मी इतकं सलग कुणाशी बोललेलो मला आठवत नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

मग त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "तू चांगला बाप आहेस," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तू खरं बोललास. दुसऱ्या कुणी लपवलं असतं. आधी मी घाबरले, मुलाला थांबवलं, पण तो कागद आला त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, इतकी प्रामाणिक माणसं आपल्याला मिळणार नाहीत, या मुलीला आपण सांभाळायचं. आता ती सुखात आहे म्हणून तुला ते शब्द परत घ्यावेसे वाटतात. घे. मी कुणाला सांगणार नाही."

मी काय म्हणणार होतो? ज्या गोष्टीसाठी ही बाई माझ्या मुलीवर इतकी माया करत होती ती गोष्टच नाही असं मी तिला दुसऱ्यांदा पटवून दिलं असतं, तर तिच्या हिशेबात एक तर मी तेव्हा खोटं बोललो होतो, नाहीतर आता बोलत होतो.

आत मुलगी टेबलावरून पाण्याची मोठी बाटली उचलत होती. विहीणबाईंनी दार सरकवलं, झटकन आत जाऊन ती तिच्या हातातून घेतली आणि तिला खुर्चीवर बसवलं. मुलगी म्हणाली, "मला उचलता येते." बाटली छातीशी धरून विहीणबाईंनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघांनाच माहीत असलेल्या गोष्टीबद्दल हलवावी तशी मान हलवली. त्या मुलाच्या आई होत्या, मी मुलीचा बाप. मीही मान हलवली.

मुलगी ते बघत होती.